बायकांच्या ताटातली वचनं

आमच्या धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत तीस वर्षं देवाचं अक्षर एकच होतं, आणि ते उखर्डू मास्तरांचं होतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. म्हणजे थोडं थट्टेनं म्हणतो, पण खोटं नाही. दर एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत दोन पितळी ताटं फिरत, एक पुरुषांच्या बाजूनं आणि एक बायकांच्या. ताटात दोऱ्यानं बांधलेल्या कागदाच्या सुरळ्या असत. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायची, उघडायची आणि आत पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, जे वचन निघेल ते देवानं आपल्याला वर्षभरासाठी दिलं असं मानायचं. ही वचनं निवडणं, टाकानं उतरवणं, कागद कापून सुरळ्या करणं, सगळं मास्तर करायचे.

त्यांचं पाळण्यातलं नाव उखर्डू. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि लगेच उचलून आणलं, की दैवाला वाटावं हे टाकलेलं पोर आहे, याला न्यायला कशाला जायचं. पुढे घरच्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनरीसाहेबांनी मोठ्या प्रेमानं त्यांचं नाव शिमोन ठेवलं. ते नाव मंडळीच्या रजिस्टरात राहिलं. गावानं, शाळेनं आणि बायकोनं उखर्डूच चालवलं. मिशनच्या प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या पाटीपासून कब्रस्तानातल्या दगडांपर्यंत सगळीकडे त्यांचंच अक्षर होतं. माझ्या बोटांवर त्यांनी पट्टी मारली ती अक्षरासाठीच. मी पुढे एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर झालो आणि उपासनेत तबला वाजवायला लागलो. दोन्ही कामांत लिहावं लागत नाही.

तबल्यामुळे माझी जागा वेदीच्या खाली, सतरंजीवर, मंडळीकडे तोंड करून. बाकीचे पाळकसाहेबांकडे बघतात, मी बाकीच्यांकडे बघतो. त्यामुळे भक्तीचं काही बाबतींत माझं नुकसान झालं, पण माणसं खूप दिसली.

वचनांचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. तोताराम मेकॅनिकचा पाय प्लास्टरमध्ये असताना त्याला बाज उचलून चालायला सांगणारं वचन निघालं. तीन जानेवारीला तो चालला. दुसरं प्लास्टर एप्रिलमध्ये निघालं, आणि तोतारामनं दोष दिला तो स्वतःच्या विश्वासाला, वचनाला नाही. कुंदाबाईला उद्याची काळजी न करण्याबद्दलचं वचन आलं, तर त्या बाईनं त्या उन्हाळ्यात ना पापड केले, ना कुरडया, ना लोणचं. तिच्या नवऱ्यानं वर्षभर कोरडं खाल्लं. मला एकदा गप्प राहण्याबद्दलचं आलं. बायकोनं त्याला फ्रेम करून घेतली. अजून भिंतीवर आहे.

कुणी मास्तरांना विचारलंच, की तुम्हीच लिहिता, मग यात देवाचं काय, तर ते चष्मा पुसत सांगायचे, "लिहिणारा मी, उचलायला लावणारा तो." हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं आणि ते त्यांना मनापासून पटलेलं होतं. स्वतः मात्र ते कधी चिठ्ठी उचलत नसत. पोस्टमननं स्वतःला पत्र टाकू नये, म्हणायचे. त्यांचा एक कडक नियमही होता: एका वर्षी एक वचन एकदाच. तेच वचन दोघांना गेलं तर देव पाठ केलेलं बोलतोय असं वाटतं.

आणखी एक नियम होता, तो त्यांनी कुणाला सांगितलेला नव्हता. मला फार पुढे कळला. १९७८ साली त्यांच्या मुलाला, अनुग्रहला, बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा, अशा अर्थाचं वचन निघालं होतं. तो देश म्हणजे पुण्याजवळचा एक कारखाना निघाला. अनुग्रहची पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग नाताळाचं कार्ड यायला लागलं, मग ज्याच्यावर नावसुद्धा छापलेलं असतं असं कार्ड. त्यानंतर मास्तरांनी कुणालाच घराबाहेर काढणारं वचन ताटात घातलं नाही. दहा वर्षं आमच्या मंडळीला देव कुठेही जा म्हणाला नाही. आमचे पाळक रेव्हरंड धनसिंग गावित हे पिंपळनेरकडचे, तळमळीचे गृहस्थ. आपल्या मंडळीतून सेवेसाठी बाहेर पडायला एकही माणूस तयार कसा होत नाही, याबद्दल त्यांनी एकदा तीन महिने दर शुक्रवारी उपवास ठेवला. मास्तरही त्या उपवासाला बसायचे.

आता त्यांच्या मुलीचं. नाव विश्रांती, आणि पोर नावाच्या अगदी उलट. नर्सिंगचा कोर्स करून एका खाजगी दवाखान्यात लागली होती. सव्वीस वर्षांची. ती घरी आली की घर भरायचं, असं मास्तरांच्या बायकोचं, शेवंताबाईंचं म्हणणं. मास्तर असं काही म्हणत नसत. ती यायच्या वेळेला ते फाटकाजवळ उभे राहून मोगऱ्याला पाणी घालत असत, एवढंच. त्या मोगऱ्याला पाण्यानं मरायची वेळ आली होती.

रविवारच्या शब्बाथ शाळेत मास्तरांची एक गोष्ट फार गाजलेली होती. एक गोरी मिसबाई सातपुड्यात बैलगाडीनं औषधं घेऊन गेली, तापानं तिथेच वारली आणि मरताना सुद्धा माझ्या जागी कोण येणार असं विचारत होती. इथे मास्तर थांबून पोरांकडे बघायचे, चष्मा काढायचे, आणि अख्खा वर्ग रडायचा. मीही रडलो आहे. चाळीस वर्षं त्यांनी ती गोष्ट सांगितली. विश्रांती त्या वर्गात पहिल्या ओळीत बसायची, हे तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

१९८७च्या ऑक्टोबरात तिनं घरी एक पत्र दाखवलं. अक्राणीच्या डोंगरात एक मिशनचा दवाखाना होता, धडगावपर्यंत एस.टी. आणि पुढे पायी. तिथे नर्स पाहिजे होती. आधीच्या दोघी साप आणि एकांताला कंटाळून निघून गेल्या होत्या. विश्रांतीनं अर्ज केला होता आणि त्यांनी ये म्हणून कळवलं होतं. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, तिकडे वीज आहे का. मिसबाईच्या गोष्टीत विजेचा उल्लेख कधी आला नव्हता.

नेमकं त्याच महिन्यात जळगावच्या पिंप्राळ्याहून स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, स्वतःची स्कूटर, आईवडील मंडळीला धरून असलेले. धुळ्याहून जळगाव म्हणजे सकाळी निघालं तर जेवायला पोचतो माणूस, हे मास्तरांनी मला दोन दिवसांत चार वेळा सांगितलं. मुलगा कसा आहे हे एकदाही सांगितलं नाही.

आमच्या लोकांत घरात भांडण होत नाही, प्रार्थना होते. संध्याकाळी तिघं सतरंजीवर बसायची. मास्तर डोळे मिटून म्हणायचे, हे प्रभू, तरुणांना नम्रता दे आणि वडिलांच्या अनुभवाचं मोल त्यांना कळू दे. मग विश्रांती म्हणायची, हे प्रभू, वडील माणसांना धैर्य दे आणि त्यांनीच शिकवलेलं त्यांना आठवू दे. अशी पाळीपाळीनं वीस मिनिटं चालायची. शेवंताबाई शेवटी आमेन म्हणून उठायच्या, कारण भाकरी गार होत असायच्या. भिंतीला भिंत लागून माझं घर, त्यामुळे मला सगळ्या प्रार्थना ऐकू यायच्या.

डिसेंबर लागता लागता विश्रांती म्हणाली की आता यावर बोलणं नको. नव्या वर्षाला जे वचन निघेल ते मी शेवटचं मानीन. जा निघालं तर जाईन, राहा निघालं तर पिंप्राळ्याला हो म्हणेन, आणि यांतलं काहीच नसलं तर पुन्हा विचार करू. वडील लिहितात आणि देव उचलायला लावतो, यावर तिचा त्यांच्याइतकाच विश्वास होता. लहानपणापासून सुरळ्या बांधायला तीच बसायची. त्या वर्षी मास्तर म्हणाले, तू नको बसू, तुझाच प्रश्न आहे, बरं दिसणार नाही. तिला ते फार प्रामाणिकपणाचं वाटलं. तिनं मला कौतुकानं सांगितलं.

त्या महिन्यात मी त्यांच्या अंगणात गेलो की मास्तर उन्हात खुर्ची टाकून शास्त्र चाळत बसलेले दिसत. समोर कागदांचा ढीग, दौत, आणि चेहरा पेपर तपासताना व्हायचा तसा. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही. त्यांना काय झालं होतं ते त्यांनी पुढे स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं. त्यांनी ठरवलं होतं की बायकांच्या ताटात या वर्षी जागच्या जागी राहायला सांगणारीच वचनं घालायची. पोरीनं कुठलीही उचलली तरी उत्तर एकच. साठ सुरळ्या लागणार होत्या. आणि साऱ्या शास्त्रात घरी बसलेला माणूस सापडेना. एक तंबू गुंडाळून निघालेला, एक गुरं सोडून निघालेला, एकीनं सासूचा पदर धरून परका मुलुख गाठलेला. मासे पकडणारे जाळी टाकून उठलेले. एक जण जायचं नाही म्हणून पळाला, तर त्याला माशाच्या पोटात घालून पाठवलेला. चाळीस वर्षं मास्तरांनी हे पुस्तक शिकवलं होतं, पण त्यातलं झाडून प्रत्येक माणूस घराबाहेर आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

बऱ्याच खटपटीनं अकरा वचनं निघाली. या नगरात राहा, देशात वस्ती कर, ज्या स्थितीत आहेस तीत टिकून राहा, अशा धर्तीची. ती पाचपाच, सहासहा वेळा लिहून त्यांनी साठ भरले. तीस वर्षांचा नियम मोडला. पुरुषांचं ताट मात्र नेहमीसारखंच केलं. पुरुषांच्या राहण्या-जाण्याचा प्रश्नच नव्हता.

एक जानेवारी १९८८. मंडळी नवे कपडे घालून आलेली, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. ताटं फिरली. विश्रांती तिसऱ्या बाकावर कडेला बसली होती. तिनं डोळे मिटले, बराच वेळ हात ताटावर तसाच ठेवला आणि एक सुरळी उचलली. दोरा सोडून वाचलं. मग तिनं कागद पुन्हा होता तसा गुंडाळला, शास्त्राच्या कव्हरात सरकवला आणि डोळे मिटून बसली. रडली वगैरे नाही. मी मास्तरांकडे पाहिलं, ते आपल्या चपलांकडे बघत होते.

तिच्या मागच्या बाकावर प्रमिलाबाई होती. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, पितो आणि मारतो हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, आणि सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत होती, म्हणजे आणखी काही करत नव्हती. यावलला तिची बहीण केळीच्या मळ्यात कामाला होती, ती दोन वर्षांपासून बोलावत होती, पोरं घेऊन ये. प्रमिलाबाईनं चिठ्ठी वाचली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग साक्षी सुरू झाल्या. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून आपलं वचन मोठ्यानं वाचायचं. कुंदाबाईनं वाचलं, या देशात राहा. झुंबरबाईनं वाचलं, या नगरात राहा. तिसरीनं वाचलं तेही राहण्याचंच. चौथीनं वाचल्यावर बायकांत कुजबुज झाली आणि गावित पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तयार केलेला उपदेश मिटून ठेवला. म्हणाले की देव आज आपल्या भगिनींच्या तोंडून एकाच आवाजात बोलतो आहे. सहा वर्षांपासून आमच्या पंचांत वाद चालला होता की हे जुनं चर्च दुरुस्त करायचं की देवपुराकडे जागा बघून नवं बांधायचं. तो वाद त्या सकाळी दहा मिनिटांत मिटला. राहायचं. मास्तर उभे राहून काहीतरी बोलायला लागले, पण तोपर्यंत सगळे हालेलूया म्हणायला लागले होते, आणि मला वाजवायला सांगितलं. मी वाजवलं.

विश्रांतीनं त्याच आठवड्यात अक्राणीला नकार कळवला. पिंप्राळ्याची माणसं येऊन साखर देऊन गेली, लग्न मे महिन्यात ठरलं. ती मुलाशी नीट बोलली, आईला भरीत करून घातलं, संध्याकाळच्या प्रार्थनेत तिची पाळी आली की नुसतं आमेन म्हणायला लागली. मास्तर खुशीत होते. रविवारी इतक्या वरच्या पट्टीत गायचे की पेटीवाला मान वळवून बघायचा. पण घरी त्यांना ते नुसतं आमेन सोसत नव्हतं. एकदा मला म्हणाले, पोरगी फार शहाणी झाली रे. ही तक्रार होती.

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी प्रमिलाबाई विश्रांतीच्या दवाखान्यात आली. डावा हात कोपराखाली मोडलेला. पडले म्हणाली. हात बसवून प्लास्टर ओलं असताना विश्रांतीनं तिला विचारलं की तू डिसेंबरात यावलला जाणार होतीस ना, काय झालं. प्रमिलाबाई म्हणाली, निघणारच होते, नव्या वर्षाच्या वचनाची तेवढी वाट बघत होते. आणि तिनं चांगल्या हातानं पदराची गाठ पुढे केली.

विश्रांतीनं चिठ्ठी उघडली. ज्या स्थितीत आहेस तीत टिकून राहा. तिच्या स्वतःच्या चिठ्ठीत हेच होतं, अक्षराला अक्षर. एका वर्षी एक वचन एकदाच, हा नियम तिला पाढ्यासारखा पाठ होता. तिनं ड्युटी संपल्यावर सायकल काढली आणि बायकांच्या घरोघर गेली. या वर्षाचं वचन बघू द्या म्हणाली. बायकांनी कौतुकानं काढून दिली, कुणी देवघरासारख्या केलेल्या कोनाड्यातून, कुणी गव्हाच्या डब्यातून. दिवे लागायच्या सुमाराला तिच्याकडे चौदा चिठ्ठ्या होत्या.

तिनं त्या मास्तरांच्या पुढे सतरंजीवर मांडल्या, सारख्यांखाली सारख्या. प्रमिलाबाईच्या हाताचं सांगितलं. मग विचारलं, "बाबा, हे देवाचं आहे की तुमचं?"

त्या दिवशी भिंतीपलीकडून प्रार्थना ऐकू आली नाही, म्हणून मीच उठून गेलो. मास्तर चिठ्ठ्यांकडे बघत बसले होते. शेवंताबाईंना वाचता येत नव्हतं, त्यांनी मला विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं. त्या चुलीपुढून उठून आल्या. आयुष्यभर नवऱ्याला मास्तरच म्हणणारी ती बाई फार हळू बोलली. "मास्तर, पोर, जाऊ नको, इतलंच सांगनं व्हतं ना तुमले? त्यानाकरता देवले मधमा कसाले लई उनात?"

देवाला मध्ये कशाला आणलंत, हे ऐकून मास्तर चिठ्ठ्या गोळा करायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वच्छ धोतर नेसून, वचनाची जुनी दौत खिशात घालून प्रमिलाबाईकडे निघाले. मला बरोबर घेतलं, नवरा घरात असला तर असावा म्हणून. नवरा नव्हता. मास्तरांनी दारात उभं राहूनच तिला सगळं सांगितलं. ते वचन मी माझ्या पोरीला अडवायला लिहिलं होतं, ते तुझ्या हाताला लागलं, तुझा हात मोडला तो माझ्यामुळे. मला वाटलं बाई चिडेल, आणि खरं सांगतो, चिडायला हवी होती. तिनं प्लास्टरचा हात पोटाशी धरला आणि विचारलं, "मंग आते काय लिखेल शे?"

मास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या दौतीकडे गेला. तो तिथेच थांबला. त्या वेळी त्यांचा मला राग येत होता आणि तरी कीव आली. सत्तरीकडे झुकलेल्या त्या माणसानं दारात उभं राहून हात रिकामाच बाहेर काढला.

"काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी सांगतोय. जा बाई. आजच्या आज जा."

बारा वाजताच्या जळगाव गाडीत आम्ही तिला आणि दोन्ही पोरांना बसवलं. पुढे यावलची गाडी कुठून मिळते ते मी ड्रायव्हरला समजावून सांगितलं, तो ओळखीचा होता. ती परत आली नाही, तिकडेच मळ्यात लागली.

मास्तरांनी मग पंचांसमोर कबुली द्यायचं ठरवलं. रविवारी उपासनेनंतर सगळे पंच बसले, मास्तरांनी उभं राहून अकरा वचनांची सगळी हकिगत सांगितली आणि मला शिक्षा द्या म्हणाले. पंच एकमेकांकडे बघायला लागले. चर्चची जुनी कौलं तोवर उतरवून झाली होती. वरून आभाळ दिसत होतं. एक पंच म्हणाले की वचन परत घेतलं तर आता कौलांचं काय करायचं. गावित पाळकसाहेबांनी बराच विचार केला आणि मायेनं सांगितलं की मास्तर, तुम्हाला वाटतं तुम्ही लिहिलं, पण देवानं तुमच्या हातून लिहवून घेतलं नसेल कशावरून. मास्तर म्हणाले, मला माहीत आहे ना, मी लिहिलं. पाळकसाहेब म्हणाले, हीच तुमची नम्रता. सर्वांनी उठून मास्तरांसाठी प्रार्थना केली, हे बोलणं बाहेर जाऊ नये असं ठरलं, आणि पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्याही तुम्हीच लिहा असा एकमतानं ठराव झाला. चाळीस वर्षांत मास्तर पहिल्यांदाच मनापासून काहीतरी कबूल करायला आले होते, आणि कुणी ते घ्यायलाच तयार नव्हतं.

चिठ्ठ्या त्यांनी पुन्हा लिहिल्या नाहीत. पिंप्राळ्याला पत्र तेवढं लिहिलं, वर कुठलंही वचन न घालता, की माझी मुलगी माझ्या फसवणुकीमुळे हो म्हणाली होती, तिला मोकळं करा. तिकडच्यांनी नाराजीनं का होईना, मोकळं केलं. अक्राणीची जागा अजून रिकामीच होती, तिकडे रांग लागलेली नव्हती.

एप्रिलात विश्रांती निघाली. धडगावकडे जायला शहाद्याची गाडी, तिला सोडायला मास्तर, शेवंताबाई आणि मी गेलो होतो. तिची पेटी मी टपावर चढवली. ती खिडकीत बसली, मास्तर खाली उभे. त्यांनी खिडकीची सळई धरली आणि म्हणाले की मला वाटतं तू जाऊ नयेस. तू गेलीस की घर मला खायला उठेल.

विश्रांती खिडकीशी वाकली. "बाबा, हे तुम्ही डिसेंबरात म्हणाला असता ना," ती म्हणाली, "तर मी थांबले असते."

मास्तरांनी विचारलं, आणि आता? ती म्हणाली, आता त्यांना कळवलंय बाबा, ते वाट बघतायत. कंडक्टरनं डबल बेल दिली. सळई सोडायचं मास्तरांच्या लक्षात राहिलं नाही, ते चार पावलं गाडीबरोबर चालले. मीच त्यांचा हात काढला. त्या वाक्याचं त्यांना काय झालं असेल ते मी सांगू शकत नाही. मला स्वतःला ते अजून लागतं, आणि माझी तर ती मुलगीही नव्हे.

एक वर्ष दोघांनी काढलं. मोगऱ्याला कुणी पाणी घालेना. मग एक दिवस शेवंताबाईंनी पाटा-वरवंटा गोणपाटात बांधला. मास्तरांनी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, तिकडे पोरीला भरीत कुणी करून देत नसेल. झालं, एवढ्यावर निघाले. शास्त्रातला घरी बसलेला माणूस शोधता शोधता मास्तर स्वतःच अडुसष्टाव्या वर्षी घर सोडून गेले.

आमच्या मंडळीत आता नाशिकहून छापील चिठ्ठ्या मागवतात. कुणाच्या हातचं अक्षर नसल्यामुळे लोकांना त्या जास्त देवाच्या वाटतात. बायकांच्या ताटातून देव एका आवाजात बोलला त्या वर्षाची साक्ष अजून दिली जाते, नव्या कौलांखाली.

१९९१च्या थंडीत धडगावला गाडी बंद पडली म्हणून वर्कशॉपनं मला पाठवलं. काम संपल्यावर मी चालत दवाखान्यात गेलो. ओसरीवर मास्तर बसलेले, पुढे टेबल, गोळ्यांच्या कागदी पुड्यांचा ढीग, आणि प्रत्येक पुडीवर त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होते: दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. रेघ सुद्धा सरळ. मी म्हटलं, मास्तर, हे वाचतं कोण इथे? ते म्हणाले, कुणीच नाही, सवय जात नाही म्हणून लिहितो. इथल्या लोकांना वाचता येत नाही, आणि मास्तरांना तिथली पावरी बोली धड बोलता येत नाही. म्हणून लिहून झालं की प्रत्येकाला तोंडानं सांगावं लागतं. मी तिथे असताना एका म्हातारीला त्यांनी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य असं हातानं दाखवलं, जेवून दाखवलं, तीन बोटं दाखवली. म्हातारीनं दोनच बोटं परत दाखवली. पुन्हा पहिल्यापासून. धुळ्यात ज्यांच्या एका ओळीवर कौलं उतरली, त्यांचं इथे तीन वेळा सांगून एक म्हातारी ऐकत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा त्रास काही दिसला नाही.

विश्रांती वरच्या पाड्यावर निघाली होती, पिशवी खांद्याला, पायांत कॅनव्हासचे बूट. मास्तरांनी टाक खाली ठेवला आणि ओसरीच्या कडेला येऊन मोठ्यानं हाक मारली. "विशू, मला काळजी वाटते. उजेडात परत ये."

ती चढ चढता चढता वळली, हात हलवला आणि हो बाबा म्हणाली. मास्तर पुन्हा खुर्चीत येऊन बसले आणि म्हातारीला तीन बोटं दाखवून पहिल्यापासून सांगायला लागले.